वादळ येणार की नाही, त्याआधी परतीचा घाट बघा

अरबी समुद्रात चक्रीवादळे उठण्याचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्या सुट्ट्याही नेमक्या त्याच दिवसांत पडतात. शाळा उघडण्याआधी दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ म्हणून मुंबई-ठाण्याची कुटुंबे पालघर जिल्ह्याच्या डोंगरातले जव्हार, मोखाडा, सूर्यमाळ गाठतात, आणि दिवाळीत भाऊबीज आटोपली की पुन्हा गाड्या निघतात. त्यामुळे खोलीचे पैसे भरून झालेत, डबे ठरलेत आणि टीव्हीवर वादळाचे भोवरे फिरू लागलेत, असे होणे हा काही विलक्षण योगायोग नाही. दर दोन-चार वर्षांनी ते होणारच. मग घरोघर एकच प्रश्न चघळला जातो: वादळ आपल्याकडे येणार की नाही? माझे म्हणणे असे की सहलीपुरता हा प्रश्न चुकीचा आहे. त्याचे उत्तर वेळेवर मिळत नाही आणि मिळाले तरी त्यावरून निर्णय होत नाही. ठरलेल्या दिवशी, सोबतच्या सगळ्यात नाजूक माणसाला घेऊन, उजेडात घाट उतरून परत येता येईल का, असे विचारायला हवे. याचे उत्तर तीन दिवस आधी बऱ्यापैकी देता येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर का मिळत नाही, ते निसर्ग वादळाने दाखवून दिले. ३१ मे २०२० रोजी आग्नेय अरबी समुद्रात नुसते कमी दाबाचे क्षेत्र होते. १ जूनला पहाटे त्याची तीव्रता वाढली, २ जूनला दुपारी ते चक्रीवादळ ठरले आणि त्याला नाव मिळाले. ३ जूनला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले, तेही ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे घेऊन. नाव मिळाल्यापासून धडक बसेपर्यंत पुरता एक दिवस. बहुतेक माणसे नाव कानावर पडले की मग विचार करायला लागतात. त्यांच्या हाती उरले असते ते फक्त चोवीस तास, आणि त्यातलीही एक रात्र. हवामान खाते मात्र नावाची वाट पाहत नाही. त्यांची रीत पायऱ्यांची आहे: साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा, आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. सहलीचा निर्णय यातल्या पहिल्या पायरीवर घ्यायचा असतो. दुसरी पायरी मच्छीमारांना बंदरात परतण्यासाठी आणि प्रशासनाला माणसे हलवण्यासाठी लागते. तिसरी येईपर्यंत तुम्ही घाटात असाल, तर ती तुमच्या काहीच कामाची नाही.

शिवाय वादळाचा डोळा कुठे आला यावर आपला दिवस कसा जाईल हे ठरत नाही. निसर्गच्या वेळी हरिहरेश्वर ते दमण या टापूत ते कुठेतरी येईल असा अंदाज होता. हा टापू अडीचशे किलोमीटरहून लांब आहे आणि पालघरचा सगळा किनारा त्यात येतो. जिल्ह्यातून हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवले, वादळ दक्षिणेकडेच जमिनीवर आले आणि नंतर कुजबूज सुरू झाली की उगाच घाबरवले. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईपासून शंभर-दीडशे किलोमीटर अंतर राखून उत्तरेला गेले आणि रात्री दीवजवळ जमिनीवर आले. मथळ्यांत गुजरात होता, पण त्या चोवीस तासांत सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईचा विमानतळ दिवसभर बंद राहिला, बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली आणि दुसरा एक तराफा भरकटत पालघरच्या वडराई किनाऱ्याजवळ येऊन अडकला. जून २०२३ चे बिपरजॉय तर आणखी दूरचे. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकले. पण त्याआधी तीन दिवस, ते शेकडो किलोमीटर लांब असताना, जुहूच्या खवळलेल्या समुद्रात चार मुले बुडाली होती. नकाशावरची ती रेघ पाहून, आपले गाव रेघेच्या बाहेर आहे म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांनी हे तीनही दिवस आठवावेत. ती रेघ म्हणजे केंद्राच्या प्रवासाचा सगळ्यात संभवनीय मार्ग. चोवीस तास आधीच्या अंदाजातही सरासरी ७५ किलोमीटरच्या आसपास चूक निघते, बहात्तर तास आधीच्या अंदाजात दीडशेच्या आसपास. आणि वादळाचा पाऊस-वारा केंद्रापासून कितीतरी लांब पसरलेला असतो.

इथे जव्हारला जाणाऱ्यांचा ठरलेला मुद्दा येतो. आम्ही काही समुद्रावर जात नाही, डोंगरात जातोय. वादळ काय ते डहाणू-बोर्डीला. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. उधाणाचे पाणी दीड हजार फूट उंचीवरच्या जव्हारला शिवणार नाही, आणि जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरतो हेही खरे. पण डहाणूच्या किनाऱ्यापासून जव्हारचे सरळ रेषेतले अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात वादळ संपत नाही, त्याचे फक्त रूप बदलते. निसर्ग रायगडात शिरले आणि तिथून पुणे, नगर, नाशिककडे सरकत गेले. पुणे जिल्ह्यात घरे पडली, शेतातली पॉलिहाऊस उडाली, माणसेही दगावली. समुद्र तिथून कुठल्या कुठे. ढगांना डोंगर आडवा आला की पाऊस वाढतो, हे सह्याद्रीच्या माणसाला शिकवायला नको. किनाऱ्यावर भीती वाऱ्याची आणि लाटांची. जव्हार-मोखाड्यात भीती पावसाची, दरडीची, पडलेल्या झाडांची आणि रस्ता तुटण्याची. डोंगरावर राहून तुम्ही पहिल्या दोन धोक्यांतून सुटता, पुढचे चार अंगावर घेता.

त्यातला रस्ता हा खरा कळीचा. जव्हारला पोचायच्या मोठ्या वाटा दोन. एक अहमदाबाद महामार्गावरच्या मनोरहून विक्रमगडमार्गे वर चढणारी, दुसरी त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाट उतरून मोखाड्यावरून येणारी. दोन्हीकडे घाट. मे महिन्यात डोंगराची माती भाजून भुसभुशीत झालेली असते. पहिल्याच मोठ्या पावसात ती दगडांसकट रस्त्यावर येते, आणि वाऱ्याने एखादे जुने झाड आडवे पडले की दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागते. मुख्य रस्त्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याचा जेसीबी काही तासांत पोचतो. पण तुमची खोली जव्हार गावात नसेल, दाभोसा धबधब्याच्या, देवबांधच्या किंवा खोडाळ्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर असेल, तर तिथे आधी फरशी लागते. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, कठडा नसलेला. एरवी तिच्याखालून घोटाभर पाणी वाहते आणि पोरे त्यात खेकडे शोधतात. वर डोंगरात तासभर धो-धो झाला की तेच पाणी फरशीवरून गुडघाभर वाहू लागते, गढूळ, आणि खाली काँक्रीट शाबूत आहे की कडेचा तुकडा गेला आहे हे काठावरून कळत नाही. ओढा तासाभरात चढतो, उतरायला मात्र मर्जीप्रमाणे वेळ घेतो. जव्हार तालुक्यातल्या वांगणीसारख्या गावांतली माणसे अशा वेळी मुकाट्याने काठावर बसून राहतात. शहरातला गाडीवाला मात्र पलीकडच्याला हात करून गाडी घालतो, कारण त्याला सकाळी कामावर हजर व्हायचे असते.

रस्त्याच्या जोडीला वीज आणि फोन. तारांवर फांदी पडली की वीज जाते, वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, आणि मग ज्या फोनवर तुम्ही इशारे बघणार होतात तोच मुका होतो. निसर्गनंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. आणि दवाखाना. जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, तिथले लोक अपुऱ्या साधनांत बरेच काही निभावून नेतात; पण हृदयविकार, मेंदूतला रक्तस्राव किंवा अडलेले बाळंतपण असले की रुग्णाला नाशिक, ठाणे किंवा सिल्वासाकडे न्यावे लागते, म्हणजे पुन्हा घाट. म्हणून बेत ठरवताना गाडीतल्या सगळ्यात धडधाकट तरुणाला विचारू नका. इन्सुलिनवर असलेल्या आजोबांकडे, सहा महिन्यांच्या बाळाकडे, पोटुशी असलेल्या वहिनीकडे बघा. यांच्यापैकी एक जरी सोबत असेल, तर दोन रात्री घाट बंद राहण्याची नुसती शक्यताही बेत पुढे ढकलायला पुरेशी आहे.

आता हे तीन दिवस आधी ठरवायचे कसे? समाजमाध्यमांवर फिरणारे लाल-जांभळे नकाशे बाजूला ठेवा आणि कुलाब्याच्या हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज उघडा. त्यात पुढच्या दिवसांसाठी प्रत्येक जिल्ह्याला हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग दिलेला असतो. पालघरचा रंग बघून थांबू नका. पालघर जिल्ह्याच्या पोटात वसई-डहाणूचा किनाराही आहे आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगरही. एकच रंग दोघांना लागतो. म्हणून खालचा मजकूर वाचा: वाऱ्याचा इशारा आहे की पावसाचा, आणि घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख आहे का. मग नाशिकचा रंग बघा, कारण तुमची दुसरी वाट तिकडून उतरते. दोन्ही जिल्हे रंगलेले असतील तर दोन वाटा असूनही तुमच्याकडे एकही नाही असे धरा. पावसाच्या हिशोबात नारिंगी म्हणजे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर, लाल म्हणजे २०४ च्या वर. सहलीच्या कुठल्याही दिवशी यातला रंग असेल तर माझे मत स्पष्ट आहे: जाऊ नका. पिवळा असेल आणि समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र जोर धरत असेल, तर खोली पाड्यावरची सोडून जव्हार गावात घ्या, एक रात्र कमी करा आणि परतीचा दिवस इशाऱ्याच्या निदान एक दिवस आधी ठेवा. हे सगळे निघण्यापूर्वी, शांत डोक्याने, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवून कागदावर लिहून ठेवलेले बरे. बॅगा भरून झाल्यावर आणि मुले गाडीत बसल्यावर कुणीच 'नको' म्हणत नाही, आणि म्हणणारा घरभराचा वैरी ठरतो.

यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर वेळी सांगतात, होत काहीच नाही. जून २०१९ मध्ये वायू गुजरातच्या दारातून वळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महा वादळ किनाऱ्याकडे येता येता समुद्रातच विरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शक्ती वादळाच्या नावाने पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सावधानतेचे इशारे निघाले आणि ते ओमानच्या बाजूला निघून गेले. लांडगा आला रे आला, असे कुणाला वाटले तर दोष देता येत नाही. पण या प्रत्येक वेळी अंदाज चुकला असे म्हणणेही बरोबर नाही. अंदाज शक्यतेचा होता, आणि शक्यता न घडणे हा तिचाच एक भाग असतो. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. वादळ आले नाही आणि तुम्ही गेला नाहीत, तर नुकसान काय? खोलीची आगाऊ रक्कम, मुलांची कुरकुर, घरी काढलेला एक शनिवार-रविवार. वादळ आले आणि तुम्ही तिथे असलात, तर काय गमवावे लागेल याला वरची मर्यादा नाही. पाचांपैकी चार वेळा तुमचा निर्णय नंतर भित्रा वाटेल. वाटू द्या. आणखी एक गोष्ट: वादळ वळले तरी त्याने ओढून आणलेला पाऊस वळत नाही. २०१९ ची दिवाळी आठवा. क्यार वादळ किनाऱ्यापासून दूर पश्चिमेला निघून गेले, पण त्या दिवसांतल्या पावसाने कोकणात कापून ठेवलेले भात भिजवले.

पैसे भरलेत, हा दुसरा आक्षेप. भरलेले पैसे तुम्ही गेलात तरी गेलेलेच आहेत. जाऊन ते वसूल होत नाहीत, फक्त त्यांच्यासोबत आणखी काही पणाला लागते. तरी खिशाचा विचार करावाच. रेल्वेने स्वतः गाडी रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. तुम्ही तिकीट रद्द केले तर जितका उशीर तितकी कपात जास्त. विमानाचेही साधारण तसेच. म्हणून तिकिटे असतील तर बहात्तर तासांची सीमा पैशाच्या दृष्टीनेही फायद्याची पडते. प्रवास विम्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो: बातमी आल्यावर घेतलेल्या विम्यात ते जाहीर झालेले संकट सहसा बसत नाही. विमा घ्यायचा तर बेत ठरला त्याच दिवशी, आणि अटी वाचून. जव्हार-मोखाड्यातली बहुतेक राहण्याची ठिकाणे घरगुती आहेत, तिथे छापील अटी नसतात, फोनवरचा शब्द असतो. त्याचा उपयोग करा. खोली ठरवतानाच विचारा: हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला तर तारीख पुढे ढकलून द्याल का? बहुतेक जण हो म्हणतील, कारण त्या दिवशी पाहुणा येऊन अडकणे त्यांनाही नको असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. हे आदिवासी तालुके आहेत. पावसाळा संपला की कामासाठी स्थलांतर करणाऱ्या घरांची संख्या इथे मोठी आहे, आणि चार पाहुणे आले तर एखाद्या घराचा तो आठवडा गावातच निघतो. शहरातल्या माणसाने ढग पाहून बेत मोडायचा आणि भुर्दंड सोसायचा तो वारली किंवा कोकणा कुटुंबाने, हे कुठल्या न्यायात बसते? बसत नाही. पण त्याचे उत्तर इशारा झुगारून जाणे हे नव्हे. वादळाच्या दिवशी त्या घरात काय चालले असेल याचा अंदाज घ्या. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौले किंवा पत्रे. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, जनावरे बांधायची, ऑक्टोबर असेल तर कापलेले भात, नागली, वरई झाकायची. त्या गडबडीत शहरातून आलेल्या सहा जणांना गरम पाणी आणि चहा देत बसायला माणूस कुठून आणायचा? आणि कुणी ओढ्यात अडकले तर दोर घेऊन आधी उतरतात ती गावातलीच पोरे, सरकारी पथक नंतर पोचते. तेव्हा आगाऊ दिलेले पैसे परत मागू नका. तेवढ्याच रकमेवर तारीख पुढची घ्या आणि ती पाळा. पाहुणा सांगून उशिरा आला तर घर बुडत नाही. तो पैसे परत घेऊन महाबळेश्वरला गेला तर बुडते.

एक तंबी धबधब्यांबद्दल. वादळी पावसाने दाभोसा, काळमांडवी भरभरून वाहू लागले की फोटो फिरायला लागतात आणि जाऊ की नको करणारेही निघतात. जुलै २०२० मध्ये काळमांडवीला पाच तरुण बुडाले. ते बाहेरून आलेले नव्हते, जव्हारचेच होते. परिसर माहीत असूनही पाण्याने त्यांना सोडले नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर जाण्यास मनाई करतात तेव्हा त्या आदेशाला सरकारी कागद समजून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बेत आखताना सगळे निरभ्र होते आणि तिथे पोचल्यावर बातमी आली, असेही होईल. अशा वेळी दोनच वाटा शहाणपणाच्या. इशारा दुसऱ्या दिवशीचा असेल, पाऊस सुरू झाला नसेल आणि दुपारी तीनच्या आत निघून उजेडात घाट उतरता येत असेल, तर जेवणासाठी थांबू नका, निघा. पण ढग उतरले असतील, झाडे हलायला लागली असतील किंवा अंधार पडत असेल, तर जिथे आहात तिथेच थांबा. पत्र्याच्या छपराखाली असाल तर स्लॅबच्या पक्क्या इमारतीत हला; शाळा किंवा ग्रामपंचायत कुठे आहे ते गावात कुणीही सांगेल. फोन भरून घ्या, पाणी भरून ठेवा, गाडी झाडाखालून काढा, औषधे अंगावर ठेवा. मुक्काम कुठे आहे ते घरच्यांना कळवून ठेवा. अडचण आलीच तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक कागदावर लिहिलेले असू द्या, कारण बंद पडलेल्या फोनमध्ये जपून ठेवलेला क्रमांक दुसऱ्याच्या फोनवरून लावता येत नाही. सोमवारच्या कामाची काळजी सोमवारी. साहेबाला रस्ता बंद असल्याचे सांगितले तर तो फार तर रागावेल.

वादळ गेल्यावर लगेच निघण्याचीही घाई नको. आकाश स्वच्छ झाले तरी भिजलेला डोंगर पुढचे काही दिवस सुटत राहतो, आणि रस्त्यावर तारा, फांद्या, वीज कर्मचाऱ्यांच्या शिड्या असतात. त्या कामात तुमची गाडी म्हणजे अडथळाच. जिथे उतरणार आहात त्यांना फोन करून तीनच गोष्टी विचारा: वीज आली का, फरशीवरून एसटी गेली का, आणि तुमच्या घराचे पत्रे जागेवर आहेत ना. तिन्हीचे उत्तर हो आले की पुढच्या शनिवारची तारीख घ्या, आणि येताना काय आणू हेही विचारून घ्या. मेणबत्त्या, ताडपत्री, खिळे यांची तेव्हा तिथे चणचण असते.